घरच्या वेल्डिंग मशीनला टिग टॉर्च कोणता घ्यावा?

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुके. भाताची कापणी-झोडणी उरकली की इथली अनेक कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. ज्याच्या हातात एखादे कसब आहे, त्याला मात्र गावात राहून पोट भरता येते. म्हणून आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केलेला मुलगा पैसे साठवतो आणि एक लहान इन्व्हर्टर मशीन घरी आणतो. खिडक्यांचे गज, फाटके, बैलगाडीची आणि ट्रॉलीची डागडुजी अशी कामे तो रॉड वापरून करू लागतो.

काही दिवसांनी त्याच्यापुढे वेगळे काम येते. कुणी गळका स्टीलचा हंडा आणते, कुणी दुधाची तडकलेली किटली. पत्रा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा. रॉड टेकवला की जोड होण्याऐवजी भोक पडते. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या पाड्यात गळका हंडा ही किरकोळ बाब नसते. मशीनवर ‘टिग’ असे लिहिलेला खटका असतो, पण त्यासाठी वेगळा टॉर्च घ्यावा लागतो. दुकानात नऊ, सतरा, सव्वीस अशा नंबरांचे टॉर्च टांगलेले असतात. चुकीचा निवडला तर एक तर तो मशीनला बसत नाही, नाही तर महिनाभरात मूठ जळते, आणि मोसमाची कमाई वाया जाते. अशा वेळी तो मुलगा बहुधा आपल्या जुन्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनाच विचारायला येतो.

सरांनी आयुष्यात कधी वेल्डिंग केलेले नसले तरी हरकत नाही. या प्रश्नाचे बरेचसे उत्तर नववी-दहावीच्या पुस्तकातच आहे. विद्युतशक्ती, रोध, निष्क्रिय वायू आणि थोडे वायूंचे वहन एवढ्या भांडवलावर ते शोधता येते. या लेखात आपण ते पायरीपायरीने शोधू.

टिग म्हणजे काय?

साध्या वेल्डिंगमध्ये रॉड आणि काम यांच्यामध्ये विद्युत प्रज्योत पेटते. तिच्या उष्णतेने कामाचा धातू वितळतो आणि रॉडही वितळून त्यात मिसळतो. रॉडवरच्या लेपाचा धूर आणि मळी वितळलेल्या धातूवर पांघरूण घालतात, म्हणून हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन आत शिरत नाहीत.

टिगमध्ये ही तीन कामे वेगवेगळी केलेली आहेत. प्रज्योत पेटवण्याचे काम टंगस्टनची अणकुचीदार कांडी करते. टंगस्टनचा वितळणबिंदू ३४२२ अंश सेल्सिअस, म्हणजे लोखंडाच्या (१५३८ अंश) दुपटीहून अधिक आहे, त्यामुळे ती कांडी वितळत नाही. पांघरुणाचे काम आर्गॉन वायू करतो. भरणीचा धातू लागलाच तर दुसऱ्या हाताने तारेच्या रूपात देता येतो. उष्णता आणि भरणी यांची सांगड सुटल्यामुळे अगदी कमी धारेवर, पातळ पत्र्यावर काम करता येते. बाजारात यालाच ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात.

आर्गॉनचा शोध रॅले आणि रॅम्से यांनी १८९४ साली लावला. तो कशाशीच संयोग पावत नाही म्हणून ग्रीक भाषेतील ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले. हवेत तो सुमारे ०.९३ टक्का असतो आणि हवा थंड करून, द्रवरूप करून वेगळा काढला जातो. टिगची पद्धत १९४० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकेतील नॉर्थ्रप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी विकसित केली. त्यांना मॅग्नेशियमचे भाग जोडायचे होते. त्यांनी आर्गॉनऐवजी हेलियम वापरला होता.

टॉर्च उणे टोकालाच का?

घरगुती इन्व्हर्टर मशीन एकदिश धारा देते. साध्या वेल्डिंगमध्ये रॉड बहुधा अधिक टोकाला असतो. टिगमध्ये मात्र टॉर्च उणे टोकाला आणि अर्थचा चिमटा अधिक टोकाला लावावा लागतो. ही अदलाबदल विसरली तर टंगस्टनच्या टोकाचा गोळा होऊन तो गळून पडतो.

कारण असे. प्रज्योतीतील बहुतेक धारा इलेक्ट्रॉन वाहून नेतात. तापलेल्या टंगस्टनमधून बाहेर पडताना इलेक्ट्रॉन त्याची ऊर्जा घेऊन जातात. घाम वाळताना अंग गार पडते, तसाच हा प्रकार आहे. हे इलेक्ट्रॉन समोरच्या धातूवर आदळतात तेव्हा सोबत आणलेली ऊर्जा तिथे सोडतात. त्यामुळे एकूण उष्णतेचा साधारण दोन-तृतीयांश भाग अधिक टोकाकडे निर्माण होतो. तो कामाकडे असावा हे आपल्या सोयीचे. २.४ मिलिमीटर जाडीची जी टंगस्टन कांडी उणे टोकावर १५० अ‍ॅम्पिअर सहज पेलते, ती अधिक टोकावर वीस-तीस अ‍ॅम्पिअरलाच हात टेकते.

आधी घरची वीज मोजा

टॉर्चच्या नंबराकडे वळण्याआधी एक प्रश्न सोडवला पाहिजे: आपल्या घरच्या विजेवर किती अ‍ॅम्पिअरची प्रज्योत चालू शकते? मशीनवर २०० अ‍ॅम्पिअर लिहिलेले असले म्हणून भिंतीतून तेवढी शक्ती मिळतेच असे नाही.

प्रज्योतीचा विद्युतदाब धारेबरोबर थोडा वाढतो. मशीनच्या चाचणीसाठी ठरवलेले नियम असे आहेत:

साधे वेल्डिंग: दाब = २० + ०.०४ × धारा
टिग: दाब = १० + ०.०४ × धारा

म्हणजे १०० अ‍ॅम्पिअरला साध्या वेल्डिंगचा दाब २४ व्होल्ट आणि शक्ती २४०० वॅट, तर टिगचा दाब १४ व्होल्ट आणि शक्ती १४०० वॅट. आर्गॉनमधली प्रज्योत आखूड आणि शांत असते, म्हणून हा फरक पडतो.

आता मशीनची कार्यक्षमता ०.८ आणि शक्तिगुणक ०.७ धरू. लहान मशीनच्या बाबतीत हे आकडे बरेचसे वास्तवाजवळचे आहेत. दोन्हींचा गुणाकार ०.५६. घरात जाड पिनेचा १६ अ‍ॅम्पिअरचा सॉकेट आणि २३० व्होल्टचा पुरवठा असेल, तर प्रज्योतीला मिळणारी कमाल शक्ती १६ × २३० × ०.५६, म्हणजे सुमारे २०६० वॅट.

वरच्या नियमात ही शक्ती घातली की एक वर्गसमीकरण मिळते. दहावीचे विद्यार्थी ते सोडवू शकतात. उत्तर येते: टिगसाठी सुमारे १३४ अ‍ॅम्पिअर, साध्या वेल्डिंगसाठी सुमारे ८८ अ‍ॅम्पिअर.

दूरच्या पाड्यावर, लांबलचक तारेच्या शेवटच्या टोकाला दाब कमी भरतो. संध्याकाळी तो १९० व्होल्टवर आला असे समजू. मग हीच उत्तरे ११६ आणि ७४ अ‍ॅम्पिअर होतात. ७४ अ‍ॅम्पिअरवर २.५ मिलिमीटरचा रॉड कसाबसा जळतो, ३.१५ चा जळत नाही. पण ११६ अ‍ॅम्पिअरच्या टिगवर तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादापर्यंतची कामे होऊ शकतात, कारण ठोकताळा असा की जाडीच्या दर मिलिमीटरला तीस ते चाळीस अ‍ॅम्पिअर लागतात. हंड्याच्या पत्र्याला तर वीस अ‍ॅम्पिअर पुरतात. वीस अ‍ॅम्पिअरला दाब १०.८ व्होल्ट, शक्ती २१६ वॅट. स्वयंपाकघरातला मिक्सर याहून जास्त वीज घेतो!

एकूण काय, विजेची लाइन अशक्त असेल तिथे टिग ही चैन नसून उलट सोयीची पद्धत आहे. आणि दुसरी महत्त्वाची गोष्ट कळली: १६ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटवर काम करणाऱ्याला १३५ अ‍ॅम्पिअरच्या वरचा टॉर्च वापरण्याची वेळच येणार नाही. (धंदा म्हणून काम करायचे असेल तर महावितरणकडून योग्य वर्गाची जोडणी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.)

टॉर्चचे नंबर

टॉर्चचे नंबर हे क्षमतेचे आकडे नाहीत. ती फक्त ओळखीची नावे आहेत. नेहमी दिसणारे प्रकार आणि एकदिश धारेसाठी त्यांची सर्वसाधारण क्षमता अशी:

नंबर ९: हवेने थंड होणारा, लहान डोक्याचा, सुमारे १२५ अ‍ॅम्पिअर
नंबर १७: हवेने थंड होणारा, सुमारे १५० अ‍ॅम्पिअर
नंबर २६: हवेने थंड होणारा, जाड आणि जड, सुमारे २०० अ‍ॅम्पिअर
नंबर २०: पाण्याने थंड होणारा, लहान, सुमारे २५० अ‍ॅम्पिअर
नंबर १८: पाण्याने थंड होणारा, सुमारे ३५० अ‍ॅम्पिअर

पाण्याने थंड होणाऱ्या टॉर्चला पंप, टाकी आणि पंपासाठी जादा वीज लागते. १५० अ‍ॅम्पिअरच्या आत त्याची गरज नाही, म्हणून शेवटचे दोन आपल्या यादीतून गेले.

उरलेल्या तिघांपैकी निवड करण्यापूर्वी क्षमतेचा खरा अर्थ पाहू. ‘१५० अ‍ॅम्पिअर, ३५ टक्के’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ दर दहा मिनिटांपैकी साडेतीन मिनिटे १५० अ‍ॅम्पिअर, बाकीचा वेळ विश्रांती. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ‘धारेचा वर्ग × वेळेचे प्रमाण’ हा गुणाकार कायम धरून दुसऱ्या धारेचा हिशेब करता येतो. १०० अ‍ॅम्पिअरसाठी, नंबर १७ करिता:

(१५० ÷ १००)² × ३५ = सुमारे ७९ टक्के

म्हणजे दहापैकी जवळजवळ आठ मिनिटे काम. हाच हिशेब नंबर ९ साठी केला तर ५५ टक्के येतात. टॉर्चच्या डोक्याला प्रज्योतीचीही धग लागते, ती या हिशेबात धरलेली नाही. म्हणून उत्तर ढोबळ समजावे आणि थोडी पडती बाजू धरावी. तरी दोघांतला फरक स्पष्ट आहे.

नंबर २६ आणखी थंड राहील, पण तो जड असतो आणि त्याची केबल ताठ असते. वीस-चाळीस अ‍ॅम्पिअरवर हंड्याच्या काठावर सावकाश हात फिरवताना ते वजन मनगटाला जाणवते, जोड वेडावाकडा होतो. आपल्या विजेवर त्याची जादा क्षमता वापरताच येणार नाही. नंबर ९ फक्त पातळ पत्र्याच्या कामाला उत्तम. तेव्हा सर्व प्रकारची लहान कामे करणाऱ्याने नंबर १७ घ्यावा, हे उत्तर हिशेबातूनच निघते.

व्हॉल्व्ह की बटण?

नंबर ठरला तरी एक फाटा उरतो. काही टॉर्चच्या मुठीवर वायूची लहान चावी असते. दुकानदार त्याला ‘१७ व्ही’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात चावीऐवजी बटण असते आणि वायूची उघडझाप मशीनच करते.

कोणता घ्यायचा हे मशीन पाहून ठरते. मशीनच्या पुढच्या बाजूला फक्त अधिक आणि उणे अशी दोनच मोठी सॉकेटे असतील, तर आत वायूचा स्वयंचलित व्हॉल्व्ह नाही. अशा मशीनला बटणाचा टॉर्च निरुपयोगी, चावीचाच हवा. सिलिंडरच्या रेग्युलेटरपासून नळी सरळ टॉर्चला जाते. पुढच्या बाजूला वायूच्या नळीचे तोंड आणि बटणाच्या तारेसाठी लहान बहुपिनी सॉकेट असेल तर बटणाचा टॉर्च घ्यावा. अशी मशीने बहुधा उच्च वारंवारतेच्या ठिणगीने, न टेकवता प्रज्योत पेटवतात.

चावीच्या टॉर्चमध्ये टंगस्टन कामाला हलकेच टेकवून उचलावे लागते. मशीनवर ‘लिफ्ट’ अशी सोय असेल तर टेकवताना धारा अगदी कमी राहते आणि टंगस्टनचे टोक शाबूत राहते. नसेल तर काडी ओढल्यासारखे घासून पेटवावे लागते. त्यात टोक वरचेवर खराब होते, पण सरावाने जमते.

चावीच्या टॉर्चबाबत दोन गोष्टी विद्यार्थ्याच्या मनावर बिंबवाव्यात. पहिली, प्रज्योत विझली तरी चावी लगेच बंद करू नये. तापलेला टंगस्टन आणि जोड हवेत उघडे पडले की काळे पडतात. दर दहा अ‍ॅम्पिअरला एक सेकंद या प्रमाणात आर्गॉन चालू ठेवावा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बटण नसल्यामुळे, मशीन चालू केल्या क्षणापासून टंगस्टनवर विद्युतदाब असू शकतो, आणि बऱ्याच मशीनमध्ये तो ६० ते ८० व्होल्ट असतो. जव्हारच्या पावसाळ्यात ओली जमीन, ओले हात आणि अनवाणी पाय असतील तर तेवढा दाब जीवघेणा ठरू शकतो. टंगस्टन बदलताना मशीन बंद करणे, कोरडे चामडी हातमोजे, रबरी तळाचे बूट आणि पायाखाली कोरडी फळी या गोष्टींना पर्याय नाही. लाइनवर गळतीरोधक खटका आणि नीट अर्थिंग हवेच.

खरेदीला जाण्यापूर्वी मशीनच्या सॉकेटचे माप घेऊन जावे. टॉर्चची पिन दोन मापांत मिळते: ९ मिलिमीटर व्यासाची लहान आणि १३ मिलिमीटरची मोठी. एवढ्याशा गोष्टीसाठी नाशिकची दुसरी फेरी पडू नये. केबल चार मीटरची पुरते. आठ मीटरची घेतली तर रोध दुप्पट होतो.

वायू जास्त सोडला तर काय होते?

टॉर्चच्या पुढे सिरॅमिकचा कप असतो. त्याचा नंबर म्हणजे आतील व्यास, इंचाच्या सोळाव्या भागांत. सहा नंबर म्हणजे ६/१६ इंच, सुमारे ९.५ मिलिमीटर. लहान कामांना ५ ते ७ नंबरचे कप पुरतात.

मिनिटाला ८ लिटर आर्गॉन सहा नंबरच्या कपातून सोडला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे १.९ मीटर भरतो. हा वेग झुळकेएवढाच आहे. म्हणून पडवीत, वाऱ्यावर टिग करता येत नाही. तीन बाजूंनी ताडपत्रीचा आडोसा लागतो. वारा लागला की वायू वाढवण्याचा मोह होतो, आणि तिथेच फसगत होते.

नळीतील प्रवाह शांत राहील की खळबळीचा होईल, हे रेनॉल्ड्स अंकावरून कळते. वेग गुणिले व्यास, भागिले वायूची गतिक श्यानता. आर्गॉनची गतिक श्यानता ०.००००१३४ वर्गमीटर प्रतिसेकंद घेतली तर ८ लिटरला हा अंक सुमारे १३०० येतो. २० लिटरला तो ३३०० होतो. नळीतील प्रवाह साधारण २३०० च्या पुढे शांत राहत नाही. मग भोवरे उठतात आणि आजूबाजूची हवा आत ओढली जाते. म्हणजे अडीचपट आर्गॉन जाळून जोड मात्र सच्छिद्र! सहा ते दहा लिटर हेच योग्य प्रमाण.

लहान दीड घनमीटरचा सिलिंडर ८ लिटरने सुमारे तीन तास चालतो. हंड्याचा एक जोड पाच मिनिटांचा धरला तर पस्तीसेक कामे. पण नळीच्या जोडातून मिनिटाला अर्धा लिटर गळत राहिले तर एका रात्रीत ३०० लिटर, म्हणजे पाचवा हिस्सा उडून जातो. साबणाच्या पाण्याने गळती तपासावी आणि काम संपताच सिलिंडर बंद करावा. सिलिंडर आणताना व्हॉल्व्हवर टोपी असावी, तो उभा बांधलेला असावा आणि माणसे भरलेल्या जीपमध्ये नसावा. शिवाय वायू शुद्ध आर्गॉनच हवा. दुसऱ्या पद्धतीसाठी वापरतात तो कार्बन डायऑक्साइड किंवा त्याचे मिश्रण भरून आणले तर टंगस्टन जळून जातो.

टंगस्टनच्या रंगांची भाषा

कांडीच्या टोकावरचा रंग तिच्यात मिसळलेले ऑक्साइड सांगतो. लाल रंग थोरियमचा, राखाडी सेरियमचा, सोनेरी आणि निळा लँथॅनमचा, हिरवा शुद्ध टंगस्टनचा. या ऑक्साइडांमुळे इलेक्ट्रॉन कमी तापमानाला सुटतात, म्हणून प्रज्योत चटकन पेटते आणि टोक टिकते.

लाल कांडी वर्षानुवर्षे वापरात आहे. पण थोरियम किरणोत्सारी आहे. नुसती हाताळण्यात फारसा धोका नाही, मात्र टोक घासताना उडणारी धूळ श्वासातून फुप्फुसात गेली तर तिथे अल्फा कण सोडत राहते. घरच्या अंगणात, मुलाबाळांत काम करणाऱ्याने लँथॅनमची कांडी घ्यावी. ती कामात कुठेही कमी पडत नाही. १.६ मिलिमीटर जाडीची कांडी आपल्या सगळ्या कामांना पुरते. टोक पेन्सिलसारखे, लांबीच्या दिशेने घासावे. जी कोलेट कांडीला धरते ती त्याच मापाची हवी.

टॉर्च काय करू शकत नाही

लोक अॅल्युमिनियमची पातेलीही घेऊन येतात. एकदिश धारेच्या घरगुती मशीनवर ती जोडता येत नाहीत, टॉर्च कितीही चांगला असो. अॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर २०७२ अंशापर्यंत वितळत नाही. आतला धातू पाणी होतो आणि वरची साय तशीच राहते. ती फोडायला उलटसुलट धारेचे मशीन लागते. गिऱ्हाइकाला आधीच ‘नाही’ म्हणणे शहाणपणाचे.

गंजलेले गज, जुनी फाटके, नांगराचे लोखंड यांसाठी रॉडच बरा. टिगला धातू घासून लख्ख केलेला लागतो. जस्ताचा मुलामा असलेल्या नळावर टिग करू नये. जस्त ९०७ अंशाला उकळते. त्याचा धूर टंगस्टन खराब करतो आणि वेल्डरला थंडी-ताप आणतो.

स्टीलच्या हंड्याबाबत एक सूचना. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातील क्रोमियममुळे. जोडाची आतली बाजू उघडी राहिली तर तापलेले क्रोमियम जळून खरखरीत काळी पापडी धरते आणि तिथे पुढे गंज चढतो. आतूनही थोडा आर्गॉन सोडावा किंवा जोड झाल्यावर ती पापडी घासून काढावी.

न दिसणारा धोका

आर्गॉन विषारी नाही, पण हवेपेक्षा १.३८ पट जड आहे. त्याला रंग नाही, वास नाही. समजा हजार लिटरच्या टाकीत उतरून कुणी दहा मिनिटे काम केले. ८० लिटर आर्गॉन आत साठला. टाकीतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून सुमारे १९ टक्क्यांवर येतो, आणि सुरक्षित मर्यादा १९.५ मानतात. जड वायू तळाशी साचतो, त्यामुळे वाकून काम करणाऱ्याच्या नाकाशी प्रमाण आणखी खाली जाते. गुदमरल्याची जाणीव आपल्याला होते ती कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. म्हणून इथे कोणतीही पूर्वसूचना न मिळता माणूस बेशुद्ध पडतो. टाकीत, विहिरीत किंवा बंद खोलीत हे काम एकट्याने कधीही करू नये.

टिगला धूर आणि ठिणग्या कमी, म्हणून ते सौम्य वाटते. प्रत्यक्षात धूर नसल्यामुळे जंबुपार किरणे अडत नाहीत. पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा आणि योग्य काळ्या काचेचा मुखवटा हवाच. बघायला जमलेल्या मुलांना आडोशाबाहेर ठेवावे.

वर्गात करण्यासारखा प्रयोग

स्वस्त टॉर्चमध्ये केबलचे तांबे बारीक असते, कधी तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम असते. जाड रबरामुळे ते बाहेरून कळत नाही. वेल्डिंग न करता ते असे ओळखता येते.

१२ व्होल्टची बॅटरी, मोटारीचा ६० वॅटचा दिवा आणि टॉर्चची केबल एका ओळीत जोडा. मंडलात फ्यूज घाला. धारा सुमारे ५ अ‍ॅम्पिअर होईल. आता केबलच्या दोन टोकांमधला विद्युतदाब मल्टिमीटरच्या मिलिव्होल्ट पट्टीवर मोजा. १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या चार मीटर केबलचा रोध ४.३ मिलिओहम, म्हणून वाचन सुमारे २१ मिलिव्होल्ट यायला हवे. ते ४० च्या पुढे गेले तर तांबे निम्मेच आहे, किंवा पिनेचा जोड सैल आहे. १०० अ‍ॅम्पिअरला अशी केबल ८६ वॅटने तापेल. चांगली ४३ वॅटने तापते. मूठ जळण्याचे कारण हेच. ओहमचा नियम इतक्या उपयोगी पडल्याचे विद्यार्थ्यांना क्वचितच पाहायला मिळते.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करता करता विज्ञान शिकता येते या विचारावर. तिथे वेल्डिंगही शिक्षणाचा भाग आहे. जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांतील मुलांनी शेतीची अवजारे, गाड्या, मोटारी जवळून पाहिलेल्या असतात. त्यांच्यासमोर हे हिशेब मांडले तर ती ते आपले म्हणून सोडवतील.

थोडक्यात उत्तर असे. घरच्या १६ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटवर, एकदिश धारेच्या साध्या इन्व्हर्टर मशीनला नंबर १७ चा, चावी असलेला, चार मीटर केबलचा टॉर्च घ्यावा. पिन मशीनच्या मापाची, कांडी १.६ मिलिमीटरची लँथॅनमयुक्त, कप ५ ते ७ नंबरचे, वायू शुद्ध आर्गॉन, मिनिटाला ६ ते १० लिटर. मशीनला वायूचे तोंड आणि बटणाचे सॉकेट असेल तर तोच टॉर्च बटणाचा घ्यावा. आणि दुकानात पैसे मोजण्यापूर्वी मल्टिमीटर, बॅटरी आणि दिवा सोबत न्यायला विसरू नये.